म्हशीच्या मारफत हुतूतू

हुतूतूचा खेळ माझ्या थोरल्या दिरांइतका कळणारा माणूस पवनेच्या दोन्ही काठांना नव्हता, आणि त्यांच्याइतका कमी खेळलेला माणूसही नव्हता. उभ्या जन्मात ते एकदाच चढाईला गेले. मिसरूड फुटायचं वय, गावची जत्रा आणि समोर पिंपळ्याचे गडी. त्या गड्यांनी ह्यांना धरलंच नाही, नुसती वाट करून दिली. दीर डोळे मिटून ‘हुतूतू हुतूतू’ म्हणत असे आत गेले, की मागची रेघ ओलांडून, माणसांचं कडं फोडून, थेट जिलबीवाल्याच्या कढईपाशी जाऊन थांबले. ही गोष्ट जाऊबाई दर जत्रेला सांगत. दिरांनी ती कधी नाकारली नाही. “पन दम सुटला व्हता का, ते इचारा,” एवढंच ते म्हणत. त्या दिवसापासून त्यांनी खेळणं सोडलं आणि त्यांना खेळातलं सगळं कळायला लागलं.

मी हुतूतू शिकले तो त्यांच्याकडूनच, आणि तरी ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर पदर ओढून बाजूला व्हायचं, आणि दिरानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. बाकीच्या घरांत ही रीत गप्प बसून पाळत. आमच्या दिरांना गप्प बसणं जमण्यातलं नव्हतं. म्हणून ते ओसरीच्या कडेला बांधलेल्या म्हशीशी बोलत. म्हशीचं नाव चंद्री. मी आत चुलीशी असले की हे बाहेर तिच्या पाठीवर हात ठेवून, आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, “चंद्रे, आज आमटीत मीठ जरा चढलंय, पन चालंल.” नाहीतर, “चंद्रे, धाकट्याला खडकीस्नं यायला उशीर व्हईल, काळजी करू नगंस.” धाकटा म्हणजे आमचे हे; ते खडकीला नोकरीला, रविवारचे घरी यायचे. चंद्री कान हलवायची. मी आतून भांडं वाजवलं की त्यांना होकार कळायचा. घरचं बोलणं असं दोन वाक्यांत उरकलं की मग हुतूतू सुरू व्हायचा. लग्न होऊन आले तेव्हा गडी मरतो म्हणजे नुसता बाद होतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जाऊबाईंना विचारलं होतं, सुतक कुणाला. पुढं पुढं मात्र कुठल्या गावच्या गड्याचा डावा पाय कच्चा, कोण पकड करताना डोळे मिटतो, हे चंद्रीला आणि मला सारखंच माहीत झालं.

जत्रांचे दिवस आले की स्वयंपाकाची पंचाईत व्हायची. आपला संघ कसा उभा करायचा हे दीर भाज्यांवर ठरवत. शेतातून आलेली टोपली ओसरीवर उपडी करून मांडी घालून बसत. डाव्या कोपऱ्यात वांगं, म्हणजे सुतारांचा बाळू. उजव्या कोपऱ्यात थोरला कांदा. मध्ये दोन बटाटे, ते दोघे सख्खे भाऊ होते आणि खरोखर तसेच दिसत. सगळं मांडून झालं की दीर लांब जाऊन बघत, परत येत, वांगं बोटभर सरकवत, पुन्हा लांब जात. संघ ठरेपर्यंत भाजीला हात लावायची सोय नव्हती. एकदा जाऊबाईंनी घाईघाईत उजवा कोपरा चिरून फोडणीला टाकला. दीर दोन घास खाऊन उठले आणि चंद्रीपाशी जाऊन म्हणाले, “आता रावेतच्या जत्रेत कोपरा कोन सांभाळनार? आमटी?”

एवढी तयारी करून प्रत्यक्ष खेळ मात्र ते बघत नसत. आपण बघितलं की गाव हरतं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते न बघतासुद्धा गाव पुष्कळदा हरे, पण त्याचा दोष ते भाज्यांना देत. जत्रेला ते आम्हा बायकांना बैलगाडीतून नेत, गाडी मैदानाच्या कडेला चिंचेखाली सोडत, आणि मैदानाकडे पाठ करून बैलांच्या तोंडाकडे बघत उभे राहत. काय चाललंय ते जाऊबाईंनी गाडीतून सांगायचं. जाऊबाईंना त्यात काडीचा रस नव्हता. “कुणीतरी कुणालातरी धरलंय,” असं म्हणून त्या बांगड्यांच्या दुकानाकडे बघायच्या, आणि दिरांचा जीव खालीवर व्हायचा.

त्या भाज्यांमध्ये एक लिंबू होतं. ते लिंबू म्हणजे माझा धाकटा भाऊ सदू.

वडील गेल्यावर माहेरची जमीन चुलत्यांकडे राहिली, आई त्यांच्याच घरी राहिली आणि सदू आमच्याकडे आला. बहिणीच्या सासरी राहणारा भाऊ म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. तो ताटावर बसला की माझी नजर घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरून यायची. कुणी कधी वावगं बोललं नाही, पण मी त्याला भाकरी वाढताना ती आधी दुमडायचे, म्हणजे लहान दिसावी. दिरांनी त्याला विहिरीवर मोट हाकायला लावलं. मोटेचं चामड्याचं भलं मोठं पखालीसारखं भांडं पाण्यानं भरलं की बैल उतारावरून खाली जातात, त्या उताराला धाव म्हणतात. भांडं वर येऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रितं झालं की बैल मागं मागं चढवायचे. बाकीचे लोक मोटेवर गाणी म्हणतात. सदू हुतूतू म्हणायचा. बैल धावेवर उतरायला लागले की सुरू, आणि पाणी थारोळ्यात पडलं तरी बंद नाही. मनात आलं तर बैल वर चढेपर्यंत तोच दम. मी न्याहारी घेऊन निघाले की ओढ्यापासूनच त्याचा आवाज यायचा. रस्त्यानं जाणारे गाडीवान थांबून ऐकायचे. दिरांनी तो ऐकला आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर मधोमध लिंबू आलं. “चंद्रे,” ते म्हणाले, “लिंबू ल्हान असतंय, पन हातात धरून बघ. सटकतंय.”

दोन वर्षं सदू असा सटकला की पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. आणि मग एकाएकी तो सापडायला लागला. त्या हंगामात रावेतला पहिल्याच चढाईत धरला गेला, पुढच्या जत्रेत मधल्या रेघेपाशी येऊन दम सुटला, त्याच्या पुढच्या जत्रेत तर पोरासोरांनी त्याला उचलून आणून ठेवला. गावाचा पार आमच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळं रोज दिवेलागणीला तिथं जो न्याय चालायचा तो मला बसल्या जागी ऐकू येई. संघाच्या चड्ड्या शिवणारा किसन शिंपी म्हणायचा, पोराला नजर लागली, मी स्वतः शिवलेली चड्डी त्याला सैल होतेय. पलटणीतून आलेले सुभेदार म्हणायचे, नजर कसली, त्याला बसवा आणि तळेगावचा तो धिप्पाड गडी आणा, धोतर-पटका आणि दोन वेळचं जेवण दिलं की येतोय. त्यावर शिंपी म्हणे, त्याच्या मापाचं कापड गावात नाही. मग बाळूला कोपऱ्यातून मध्ये घ्यावा की नाही, बटाट्यांपैकी धाकटा लग्न झाल्यापासून पकडीला का भितो, असं करत करत गाडी पुन्हा सदूवर यायची. एकदा सुभेदार म्हणाले, “अवो, रोग साधा हाय. भनीच्या घरचं तूप. आयतं खाऊन दम ऱ्हातो व्हय कुनाचा?”

पारावर सगळे हसले. मी भिंतीशी दिवा लावत होते, ती काडी विझली.

दीर पारावरून उठून आले ते तडक चंद्रीपाशी. “चंद्रे,” ते म्हणाले, “पारावरचं बोलनं पारावर ऱ्हातं. तुपाची वाटी हाय तशी पडली पायजे. कमी झाली तर मला कळंल.” मी भांडं वाजवलं. पण मनाला लागायचं ते लागलंच होतं. शिवाय दीर स्वतः खेळाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवणारे नव्हते. तूप तसंच पडत राहिलं, आणि लिंबू मात्र ओसरीवर मधल्या जागेवरून कडेला गेलं, कडेवरून टोपलीच्या काठाला. पडून पडून ते सुकलं, सुरकुतलं. मला ते बघवेना. सगळे शेतावर गेले की मी ते उचलून त्या जागी झाडावरचं ताजं ठेवायचे. रोज एक. कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, असं मला वाटे.

त्याच हंगामात रेल्वेच्या फाटकापलीकडे उभ्या राहिलेल्या कारखान्यातून निरोप आला. तिथले साहेब खेळाचे नादी होते. कारखान्याचा हुतूतूचा संघ करायचा, त्यात खेळेल त्याला कायमची नोकरी, आणि आमच्या चैत्राच्या जत्रेला ते स्वतः गडी निवडायला येणार. पारावर त्या दिवसापासून दुसरं बोलणंच उरलं नाही. कुणाला घेतील, कुणाला टाकतील, चांगले गेले तर गावाकडे राहील कोण. आमच्या ओसरीवर तळेगावच्या गड्यासाठी एक भोपळा येऊन बसला. त्यानं एवढी जागा घेतली की लिंबू टोपलीतच राहिलं.

सदूला ते दिसलं. तो मागच्या दारी येऊन म्हणाला, “ताई, मी जातो गं परत. लोकांचं खरं हाय. तुझ्या घरचं तूप मला पचलं न्हाई.”

जत्रा होईस्तोवर तरी थांब, एवढं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी न्याहारी घेऊन शेतावर गेले, तेव्हा ओढ्यापाशी पाय थांबले. कान जुन्या सवयीनं सदूचा आवाज शोधत होते आणि ऐकू येत होती नुसती फटफट. त्या साली दिवाळीनंतर दिरांनी विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन आणलं होतं. गावातलं पहिलं. त्याला हार घातला होता, पेढे वाटले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्वतःचं पोर दाखवावं तसं दाखवत. मोट गुंडाळून छपरात गेली. आता इंजिन पाणी काढत होतं आणि सदू आंब्याखाली बसून काडी चावत होता. पाण्याचे पाट मोकळे करायचे, एवढंच त्याला काम. दिवसभर बैलांबरोबर उतारावर जो दम घोटून पक्का व्हायचा तो दिवाळीपासून घोटलाच गेला नव्हता. सबंध पार ह्यावर महिनोन्महिने भांडत होता, पण त्या विहिरीवर न्याहारी घेऊन मीच जात होते, आणि मलाही ते त्या दिवशीच उमगलं.

हे सांगायचं कुणाला? आमचे हे खडकीहून रविवारी येणार. जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला चाकणला गेलेल्या. आणि ज्यांना सांगायचं ते माझे थोरले दीर, आणि चूक निघत होती त्यांच्या हार घातलेल्या इंजिनाची. संध्याकाळी धार काढायला बसले तेव्हा ते ओसरीवर भोपळा सरकवत होते. मी कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकवलं. तिच्याशी बोलायची माझी ती पहिलीच वेळ. म्हणाले, “चंद्रे, मोट बंद झाली तवापासनं सदूचा दम गेला. तूप न्हाई बाधलं त्याला. इंजिन बाधलं.”

ओसरीवर भोपळा सरकायचा थांबला.  दीर उठून बाहेर निघून गेले आणि त्या रात्री म्हशीशी बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं आता, भावाबरोबर आपलीही गाठोडी बांधायची.

सकाळी इंजिन सुरू झालं नाही. दीर पारावर जाऊन सांगून आले की इंजिन आजारी आहे. छपरातली मोट खाली उतरली, तिला तेल चोळलं गेलं, बैल धावेवर उभे राहिले. सदूला बोलावून ते एवढंच म्हणाले, की पाणी काढ, आणि तोंड बंद ठेवून काढू नकोस. गावाला इंजिनाची मोठी गंमत झाली. शिंपी रोज त्याची तब्येत विचारायचा. सुभेदार म्हणाले, हार घातला तेव्हाच मला वाटलं होतं, हे जायचं. फाटकाकडचा मिस्त्री फुकट दुरुस्त करून देतो म्हणाला, तर दिरांनी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. हळूहळू सुधारेल म्हणाले. ज्या इंजिनाचा त्यांना एवढा अभिमान, त्याच्यावरून सगळं गाव त्यांना हसत होतं, आणि त्यांनी खरं कारण कुणालाही सांगितलं नाही. ओढ्यापासून पुन्हा आवाज येऊ लागला. आधी थारोळ्यापर्यंत, मग त्याच्या पुढं. एका संध्याकाळी भोपळा ओसरीवरून उचलला गेला आणि त्याची भाजी झाली. लिंबू मधोमध आलं. तळेगावच्या गड्याला बोलावणं गेलं नाही, म्हणून तो रागावून आपल्याच गावाकडून आमच्याविरुद्ध खेळायला उभा राहिला.

जत्रेच्या दिवशी गाडीत मी आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या. दोघींनाही लांबचं दिसत नव्हतं. दिरांनी चिंचेखाली गाडी सोडली, मैदानाकडे पाठ केली आणि आमच्या राजा बैलाचं शिंग धरून उभे राहिले. पलीकडे साहेब खुर्चीवर बसलेले दिसत होते. खेळ सुरू झाला. लोक ओरडले. दीर राजाकडे बघत होते, राजा दिरांकडे. पुन्हा लोक ओरडले. दिरांचे कान लाल झाले होते. जाऊबाई चाकणला होत्या. मी पदर दातात धरला, गाडीतून पुढं सरकले, राजाच्या शेपटीकडे तोंड केलं आणि म्हणाले, “राजा, बाळूनं त्यांचा एक गडी धरला.”

दिरांनी मान वळवली नाही. पण शिंगावरची मूठ सैल झाली.

मग मी बोलतच राहिले. चारचौघांत ज्या बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती मी, बैलाला सगळं सांगत होते. धाकट्या बटाट्यानं लग्नानंतरची पहिली पकड केली ते सांगितलं. तळेगावच्या भोपळ्यानं आमचे दोन गडी बसवले तेही सांगितलं. उन्हं उतरली तेव्हा दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि शेवटची चढाई सदूची होती. तो रेघ ओलांडून आत गेला, एकाला शिवला, वळला, आणि भोपळ्यानं त्याचा पाय धरला. मागून दुसरा अंगावर पडला. सदू पालथा झाला. सगळं मैदान गप्प झालं. दिरांना पाठमोरं उभं राहून ती शांतता तेवढी कळली.

“राजा,” त्यांनी बैलाला विचारलं, “काय झालं?”

“धरलाय. पाय धरलाय.”

“दम?”

मी ऐकलं. एवढ्या माणसांत तो आवाज बारीक येत होता, ओढ्यापलीकडून यायचा तसाच. “हाय,” मी म्हणाले. “सरकतोय. भोपळा अंगावर हाय, पन सरकतोय.”

“दम?”

“हाय अजून. हात लांब केलाय. अजून हाय, राजा, अजून हाय. रेघ.”

पुढचं मला दिसलं नाही, डोळे भरले होते. लोक मैदानात घुसले. म्हाताऱ्या एकमेकींना विचारत होत्या काय झालं. दीर तसेच बैलाकडे तोंड करून उभे होते, आणि राजाच्या कपाळावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. थोड्या वेळानं शिंपी पळत आला. सदूचा हात रेघेला लागला होता, गाव जिंकलं होतं. साहेबांनी बाळूला आणि सदूला घेतलं होतं, पहिलं नाव सदूचं. माझ्या छातीवरून कुणी जातं उचलावं तसं झालं. शिंपी गेल्यावर दीर म्हणाले, “राजा, सांग गाडीतल्या मानसाला. आता तिचा भाऊ आपल्याकडं पाव्हना म्हनून येनार. पाव्हन्याच्या ताटात भाकरी दुमडून वाढायची नसती.”

म्हणजे त्यांनी तेही बघितलं होतं.

जत्रेनंतरच्या सोमवारी इंजिन बरं झालं. सदू कारखान्याकडच्या खोलीत राहायला गेला. पुढं आईलाही त्यानं तिथंच आणलं. सुट्टीच्या दिवशी तो यायचा तेव्हा दीर स्वतः त्याला पाट मांडायचे. पुढच्या चैत्रात कारखान्याचा संघ आमच्याच गावाशी खेळला. गाडी चिंचेखाली, दीर पाठमोरे. शेवटी त्यांनी राजाला विचारलं, कोण जिंकलं. मी सांगितलं, कारखाना. सदू सापडला का, तर मी म्हणाले, एकदाही नाही. गाव हरलं होतं, म्हणून त्यांनी तोंड कसनुसं केलं. पण राजाला जवळून दिसत असणार की ते खरं नव्हतं.

हळूहळू एकेक करून सगळी भाजी कारखान्यात गेली. वांगं गेलं, कांदा गेला, दोन्ही बटाटे एकाच पाळीत लागले. पारावर सुभेदार आणि शिंपी अजून भांडतात, पण कुणाला बसवावं असा गडीच गावात राहिला नाही. दीर तरीही जत्रेच्या दिवसांत ओसरीवर जुना संघ मांडतात, लांब जाऊन बघतात, वांगं बोटभर सरकवतात.

परवा, ऐन जत्रेच्या दिवसांत, चंद्री गेली. म्हातारी झाली होती, झोपेतच गेली. घरात एकदम शांत झालं. दीर जेवले, आमटीत मीठ कमी होतं तरी काही बोलले नाहीत, बोलणार कुणाच्या मारफत. संध्याकाळी ओसरीवर बराच वेळ त्यांचं उठणंबसणं ऐकू येत होतं. मग ते चंद्री जिथं बांधलेली असायची त्या खांबापाशी येऊन उभे राहिले. घसा खाकरला. म्हणाले, “खांबा, ते लिंबू आजचं हाय न्हवं? सुकलेलं कधी दिसलं न्हाई मला, एवढ्या वर्सांत.”

भांडं वाजवायला माझा हात पुढं गेला होता, तो मी मागं घेतला. चुलीकडे तोंड केलं आणि म्हणाले, “चुलीबाई, सांगा त्यांना. रोजच ताजं असतं.”

“आनि खांबा,” ओसरीवरून आवाज आला, “आमटीत मीठ कमी व्हतं.”